दात भरण्याच्या सिमेंटमध्ये बायोॲक्टिव्ह काच मिसळावी का, आणि मिसळली तर कुठे भरावी?

धागाकर्ता : दंतद्रव्य

नमस्कार. मी एका दंत महाविद्यालयात दंतद्रव्यशास्त्र शिकवतो. ‘दाढ भरण्यासाठी दवाखान्यात बायोॲक्टिव्ह सिमेंट सुचवले आहे, ते नेहमीच्या सिमेंटपेक्षा खरोखर सरस असते का?’ असे गेल्या काही महिन्यांत इथल्या तीन-चार सदस्यांनी मला व्यक्तिगत निरोपातून विचारले. एकेकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसमोर नीट मांडावे म्हणून हा धागा काढला आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. अशा सिमेंटात बायोॲक्टिव्ह, म्हणजे हाडा-दाताशी जुळून जाणारी, काच मिसळलेली असते. ही काच दाताला क्षार देते ती विरघळते म्हणून देते, आणि जेवढी विरघळते तेवढे भरणीचे बळ कमी होण्याचा धोका असतो. म्हणून ती दाताच्या कोणत्या भागात भरायची आहे हे विचारल्याशिवाय तिला चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही.

आधी नेहमीच्या सिमेंटविषयी. आपल्याकडे लोक ‘सिमेंट भरले’ म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा ग्लास आयोनोमर, म्हणजे दंतवैद्यांच्या तोंडचे जीआयसी असते. लंडनच्या लॅबोरेटरी ऑफ द गव्हर्नमेंट केमिस्ट या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते १९६९ मध्ये तयार केले. त्याआधीच्या सिलिकेट सिमेंटमधून फ्लोराइड झिरपत असे आणि त्या भरणीच्या कडेला पुन्हा कीड लागलेली कमी आढळे. पण ते दाताला चिकटत नसे. उलट डेनिस स्मिथ यांनी १९६८ मध्ये पुढे आणलेले झिंक पॉलिकार्बोक्झिलेट दाताला चिकटे, पण त्याच्यात दातासारखी अर्धपारदर्शक झाक नव्हती आणि फ्लोराइड देणारी काचही नव्हती. विल्सन आणि केंट यांनी पहिल्याची काच घेतली, दुसऱ्याचे आम्ल घेतले, आणि दोहोंचे लग्न लावून दिले.

ते घट्ट कसे होते, हे समजले की पुढचा सगळा वाद समजतो. भुकटी असते ती सिलिका, ॲल्युमिना आणि कॅल्शियम फ्लोराइड एकत्र वितळवून केलेल्या काचेची. द्रव असतो पॉलिॲक्रिलिक किंवा तशाच आम्लाचा. दोन्ही कालवले की आम्ल काचेच्या प्रत्येक कणाची वरची साल खाते. त्यातून आधी कॅल्शियम व मागाहून ॲल्युमिनियम सुटते, आणि हे आयन आम्लाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधत जातात. कणांचा गाभा शाबूत राहतो. काँक्रीटमध्ये खडीचे जे काम तेच इथे त्याचे. आम्लाचे काही हात दातातल्या कॅल्शियमलाही धरतात, म्हणून हे सिमेंट वेगळा डिंक न लावता चिकटते. पहिल्या काही मिनिटांत ते हाताला घट्ट लागते खरे, पण ॲल्युमिनियमची बांधणी पुढे कित्येक तास, खरे तर कित्येक दिवस चालू राहते आणि भरणीचे बळ मुख्यतः तिच्यामुळे येते. हे ॲल्युमिनियम लक्षात ठेवावे, कारण पुढे अडचण त्याचीच आहे.

आता दुसरी, म्हणजे बायोॲक्टिव्ह काच. तीही १९६९ चीच, पण अटलांटिकच्या पलीकडची. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच १९६७ मध्ये लष्करी साहित्यविषयक एका परिषदेला जात असताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल बसला होता. शरीर झिडकारणार नाही असा पदार्थ तुम्हाला करता येईल का, असे त्याने विचारले, कारण धातूचे आणि प्लास्टिकचे रोपण शरीर परके मानते व त्यामुळे सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, हे त्याने पाहिले होते. हेंच यांनी वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड अशी काच बनवली. तिला ४५एस५ म्हणतात. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी ओढूनही निघेनात. हाड त्यांच्याशी जुळून गेले होते.

आपल्या खिडकीच्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या वर असते, म्हणून ती पावसात वर्षानुवर्षे टिकते. ४५एस५ मध्ये सिलिका इतकी कमी आहे की तिचे जाळे विरळ राहते आणि पाणी लागताच ती उकलू लागते. सोडियम बाहेर पडते, त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन जातो, भोवतालचा सामू (पीएच) वाढतो, पृष्ठभागावर सिलिकाचा बुळबुळीत थर उरतो, आणि त्या थरावर कॅल्शियम व फॉस्फेट जमून हळूहळू कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सीॲपटाइटचे स्फटिक होतात. हाड आणि दात मुळात याच खनिजाचे असतात. किडीने पोकळ होत चाललेल्या दाताला हे खनिज भरणीकडूनच मिळाले तर किती बरे, असे कोणाच्याही मनात येणारच.

पण इथे एक पेच आहे आणि बहुतेक जाहिरातींत तो वगळलेला असतो. हेंच यांच्या काचेत थोडे टक्के ॲल्युमिना मिसळला तरी तिचा हाडाशी जुळण्याचा गुण जातो, कारण ॲल्युमिनियम काचेचे जाळे आवळते आणि स्फटिक बनण्याच्या आड येते. जीआयसीची मात्र ॲल्युमिनियमशिवाय बांधणीच होत नाही. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन काचा एका मूलद्रव्याबाबत एकमेकींच्या विरुद्ध टोकांना उभ्या आहेत. त्यांना एका वाटीत कालवायचे म्हणजे कोणाचे तरी नुकसान होणार.

हे पद्धतशीर तपासले फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या हेलेना इली-उर्पो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी एस५३पी४ ही काच घेतली. तिच्यात ५३ टक्के सिलिका, २३ टक्के सोडियम ऑक्साइड, २० टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ४ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. साध्या आणि राळमिश्रित (रेझिन घातलेल्या) अशा दोन्ही जीआयसींमध्ये ती वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून २००५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. काचेचे प्रमाण जसे वाढले तशी दाब सोसण्याची ताकद उतरत गेली. त्यांनी हा दोष लपवला नाही. जिथे फार दाब येत नाही, उदाहरणार्थ मुळाच्या पृष्ठभागावरची भरणी किंवा खोल खड्ड्याच्या तळाचे अस्तर, तिथेच हे मिश्रण वापरावे असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मला हा निष्कर्ष वीस वर्षांनंतरही पटतो.

ताकद का उतरते, हे मी स्वतः कागदी पॅडवर अनेकदा पाहिले आहे. साधे जीआयसी कालवताना अर्धी भुकटी द्रवात ओढायची, दहा-पंधरा सेकंदांत उरलेली अर्धी घालायची, आणि लगदा ओलसर चमकत असतानाच दातात भरायचा असतो. चमक गेली की आम्लाचे मोकळे हात संपले असे समजावे. त्यानंतर भरलेले सिमेंट दाताला धरत नाही. याच भुकटीत पाचवा हिस्सा ४५एस५ मिसळून पाहिला तेव्हा दुसरी अर्धी भुकटी अजून पॅडच्या कडेला असतानाच पहिल्या अर्ध्या भागाचे तंतू ओढले जाऊ लागले आणि स्पॅट्युलाच्या पात्याखाली तो लगदा मेणासारखा मळकट झाला. अल्कधर्मी काच आम्लावर तुटून पडते. त्यातही तिचे सोडियम आम्लाचा एक हात अडवते, पण दोन साखळ्यांना बांधू शकत नाही, कारण त्याच्याकडे एकच भार आहे. आम्ल खर्च होते आणि गाठ मात्र पडत नाही.

मग ४ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६ मिलिमीटर उंचीच्या नळकांड्या पाडून, ३७ अंशांवर एक दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्राखाली धरल्या. साधे सिमेंट टचकन फुटते. मिश्रणाची नळकांडी आधी कडेने खडूसारखी भुरभुरली. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दात भरण्याच्या जीआयसीने किमान १०० मेगापास्कल दाब सोसला पाहिजे, तर अस्तराला ५० पुरतात. या दोन आकड्यांमधल्या अंतरातच बायोॲक्टिव्ह काचेची खरी जागा आहे, असे माझे मत आहे.

या विषयाला आत्ता जोर का आला, तेही सांगितले पाहिजे. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याचा वापर जगभर कमी केला जात आहे, भारताने त्या कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून पाऱ्याची भरणी, म्हणजे आपण जिला ‘चांदी भरणे’ म्हणतो ती, जवळजवळ बंद केली. स्वस्त, टिकाऊ आणि कोणालाही भरता येईल अशा पर्यायाची गरज खरी आहे. म्हणूनच त्या पर्यायाची तपासणीही खरी हवी.

दंतवैद्य, रसायनाचे जाणकार आणि ज्यांच्या दातांत हे सिमेंट आहे असे सदस्य, सर्वांनी लिहावे.

प्रतिसाद : काचभट्टी

लेख आवडला. माझी सारी नोकरी काचेच्या भट्टीपाशी गेली, त्यामुळे एक पुरवणी जोडतो. ४५एस५ वितळवायला सुमारे १,३५० ते १,४५० अंश तापमान लागते. साध्या भांड्यात ती वितळवली तर भांड्यातले ॲल्युमिना काचेत उतरते, म्हणून प्लॅटिनमची मूस घ्यावी लागते. तुम्ही सांगितलेला ॲल्युमिनियमचा उपद्रव भट्टीपासूनच सुरू होतो म्हणा ना. वितळलेला रस पाण्यात ओततात, त्याचे खडे होतात आणि मग ते दळतात.

दुसरी गोष्ट साठवणीची. इतकी सोडियमयुक्त काच बारीक दळली की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. कोकणातल्या आषाढात अशा भुकटीची बाटली आठवडाभर सैल झाकणाने ठेवली तर वरच्या कणांवर कार्बोनेटची साय धरते व गुठळ्या होतात. अशा भुकटीचे आम्लाशी वागणे पहिल्या दिवसासारखे राहत नाही. मला विचारायचे आहे ते असे : सोडियम कमी करून किंवा काढूनच टाकून ही काच करता येत नाही का? काचेच्या कामात सोडियम आपण वितळणे सोपे व्हावे म्हणून घालतो. दाताला तर त्याचा काही उपयोग दिसत नाही.

प्रतिसाद : दंतद्रव्य

काचभट्टी, आपण मर्मावर बोट ठेवलेत. बाटलीचा अनुभव आम्हालाही आला आहे. जुलैमध्ये एका विद्यार्थिनीच्या नळकांड्या एकाएकी निम्म्या वेळात घट्ट होऊ लागल्या, आणि दोन आठवडे आम्ही दोष द्रवात शोधत राहिलो. अखेर भुकटी सिलिका जेल घातलेल्या बंद पेटीत ठेवू लागल्यावर आकडे जागेवर आले.

सोडियमबद्दल आपला तर्क बरोबर आहे आणि संशोधन त्याच दिशेने गेले आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात रॉबर्ट हिल यांच्या गटाने फ्लोराइड घातलेल्या बायोॲक्टिव्ह काचा तयार केल्या. त्यांच्यातून हायड्रॉक्सीॲपटाइटऐवजी फ्लोरॲपटाइट बनते. हा फरक तोंडात फार मोलाचा आहे. साधे हायड्रॉक्सीॲपटाइट सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते, तर फ्लोरॲपटाइट साधारण ४.५ पर्यंत टिकाव धरते. जेवणानंतर दातांवरच्या थरातले जंतू साखरेचे आम्ल करतात तेव्हा सामू याच टापूत उतरतो, म्हणजे नेमक्या धोक्याच्या वेळी दुसरे खनिज उभे राहते. सोडियम कमी आणि फ्लोराइड असलेली काच पाणीही कमी ओढते, त्यामुळे भरणीची झीज मंदावते.

ॲल्युमिनियमच्या जागी जस्त वापरून जीआयसी करण्याचेही प्रयोग झाले आहेत. जस्ताला दोन भार असल्यामुळे ते साखळ्या बांधू शकते आणि ॲपटाइट होण्यात ॲल्युमिनियमइतके आड येत नाही. पण तीन भारांच्या ॲल्युमिनियमची गाठ ती ॲल्युमिनियमचीच. चावण्याच्या दाढेसाठी मला अजून तिच्या तोडीचे काही दिसलेले नाही.

प्रतिसाद : यवतमाळकर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, तसेच चंद्रपूर आणि नांदेडकडेही, कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. माझ्या पिढीच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, आणि काही गावांत म्हाताऱ्यांची हाडे आखडलेली पाहिली आहेत. त्यामुळे ‘फ्लोराइड देणारे सिमेंट’ हे शब्द ऐकले की आम्हाला धसका बसतो. आधीच पाण्यातून इतके जाते, त्यात दातातूनही झिरपले तर मुलांना अपाय होणार नाही का? हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला तरी विचारतो, कारण आमच्याकडे अनेक पालक केवळ या भीतीने मुलांच्या दाढा भरून घेत नाहीत.

प्रतिसाद : दंतद्रव्य

यवतमाळकर, हा प्रश्न अजिबात अडाणीपणाचा नाही; ज्यांनी फ्लोराइडचे नुकसान घरात पाहिले आहे त्यांनी तो विचारायलाच हवा. उत्तर मात्रेत आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. म्हणजे मर्यादेतले पाणी दिवसाला लिटरभर पिणाऱ्या मुलाच्या पोटातही मिलिग्रॅमच्या हिशेबात फ्लोराइड जाते. भरणीतून पहिले एक-दोन दिवस जरा जास्त व नंतर अगदी थोडे सुटते, आणि त्याची मोजदाद मायक्रोग्रॅममध्ये, मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शात होते. शिवाय त्यातले बरेचसे शेजारच्या दातातच मुरते. दातांवरचे पट्टे दात हिरडीखाली घडत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे पडतात. आपल्या गावचा शत्रू पाणी आहे. पाण्याचा स्रोत बदलणे किंवा ते गाळून शुद्ध करणे हाच त्यावरचा इलाज आहे, आणि दाढ किडू देऊन त्यातले काहीच साधत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या भागातल्या दंतवैद्यांनी ध्यानात ठेवावी. फ्लोरोसिस झालेल्या, म्हणजे जास्त फ्लोराइडने पट्टे पडलेल्या दाताचे वरचे कवच आम्लाला सहज दाद देत नाही. राळेची भरणी करण्यापूर्वी आम्ल लावून कवच खरबरीत करतात, तेव्हा अशा दातांना नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. नाहीतर भरणी लवकर सुटते आणि दोष मालाला दिला जातो.

प्रतिसाद : बालदंत_सुमेधा

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे आणि शाळांच्या तपासणी शिबिरांत नियमित जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीडही तपासली जाते, त्यामुळे ज्या मुलांनी दवाखान्याची पायरी कधी चढली नाही अशी मुले आमच्यासमोर येतात. वर्गखोलीतल्या बाकावर मूल आडवे झोपवायचे, हाताच्या चमच्यासारख्या अवजाराने मऊ झालेली कीड खरवडायची, कापसाच्या बोळ्याने खड्डा पुसायचा, जीआयसी भरायचे आणि व्हॅसलिन लावलेल्या बोटाने दाबून धरायचे. ना वीज, ना गरगरणारे यंत्र, ना सुई. टांझानियात १९८० च्या दशकात यो फ्रेंकेन यांनी ही पद्धत रुजवली आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. माझ्या मते दंतवैद्यकात गरिबांसाठी इतके माणुसकीचे दुसरे काही झालेले नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. एका शिबिरासाठी एका पुरवठादाराने ‘बायोॲक्टिव्ह’ असे ठळक छापलेले सिमेंट दिले. डब्यावर काचेचे प्रमाण नव्हते, दाबाचा आकडा नव्हता, ते अस्तरासाठी आहे की भरणीसाठी हेही नव्हते. आम्ही ते दुधाच्या दाढांच्या चावण्याच्या पृष्ठभागावर भरले. सहा महिन्यांनी त्याच शाळेत गेलो तर कितीतरी भरण्या मधोमध खोलगट झिजलेल्या होत्या. सात वर्षांची एक मुलगी बोट घालून दाखवत म्हणाली, ‘मॅडम, इथे परत खळगा झालाय.’ त्या मुलीला मी शब्द दिला होता की आता दुखणार नाही.

तरीही मला या काचेची आशा आहे आणि ती सोडवत नाही. खोल कीड असते तेव्हा आम्ही नसेच्या अगदी वरचा मऊ थर मुद्दाम ठेवतो, कारण तो काढला तर नस उघडी पडते. त्या थरात पुन्हा क्षार भरले जावेत हीच आमची सगळी धडपड असते. तिथे ही काच उपयोगी पडेल का?

प्रतिसाद : दंतद्रव्य

सुमेधाताई, वाचून वाईट वाटले. तो दोष आपला नाही. डब्यावर प्रमाण आणि उपयोग छापलेला नसताना ते भरणीचे सिमेंट म्हणून विकणे हीच मुळात चूक आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी आनंदाने देतो, कारण ही काच जिथे शोभते ती जागा आपण अचूक सांगितलीत. नसेवरच्या त्या मऊ थरात खनिज गेलेले असते, पण कोलॅजन या प्रथिनाची जाळी बरीचशी शाबूत असते. त्या जाळीला कॅल्शियम, फॉस्फेट आणि थोडा अल्कधर्मी सामू मिळाला तर तीवर खनिज पुन्हा बसू शकते. आजवर आपण तिथे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे अस्तर लावत आलो. ते जंतू मारते आणि नसेला नवे दंतिन (दाताच्या कवचाखालचा थर) बांधायला उद्युक्त करते, पण ते दुबळे असते व वर्षांनुवर्षांत विरघळून खाली पोकळी राहते. १९९३ पासून अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठातल्या महमूद तोराबिनेजाद यांच्या कामातून एमटीए हे कॅल्शियम सिलिकेटचे सिमेंट पुढे आले, नंतर कॅल्शियम सिलिकेटचीच बायोडेंटिनसारखी सिमेंटे आली. ती उत्तम आहेत, फक्त शिबिराच्या खर्चात बसत नाहीत. बायोॲक्टिव्ह काच मिसळलेले जीआयसी इथे मधला मार्ग ठरू शकते. वरून घट्ट जीआयसीचा थर असला की अस्तरावर चावण्याचा दाब थेट येत नाही आणि लाळही त्याला धुऊन नेत नाही. सुटलेले आयन दाताच्या दिशेनेच जातात.

इली-उर्पो यांच्या गटाने कुत्र्यांच्या दातांवर केलेल्या प्रयोगातही अशा सिमेंटखालच्या दंतिनात खनिज बसण्याची क्रिया पाहिली होती. प्रयोगशाळेतल्या इतर दाव्यांकडे मात्र सावधपणे पाहावे. बरेच जण सिमेंटचे तुकडे क्योटोच्या तादाशी कोकुबो यांनी तयार केलेल्या कृत्रिम शरीरद्रवात बुडवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फुलकोबीसारखे स्फटिक दिसले की बायोॲक्टिव्ह म्हणून मोकळे होतात. तो द्रव रक्तद्रवाच्या धर्तीवर बनवलेला, ७.४ सामूचा आणि मुळातच क्षारांनी काठोकाठ भरलेला असतो. तोंडात दिवसातून चार वेळा आम्ल येते, जंतूंचा थर असतो, लाळेतली प्रथिने स्फटिकांना अडवतात. वाटीत उगवलेले फुलकोबी दातातही उगवेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

प्रतिसाद : राळवाला

मी पुण्यात प्रॅक्टिस करतो आणि बहुतेक काम कॉम्पोझिटचे, म्हणजे राळेच्या भरणीचे असते. जीआयसीइतका आम्लाचा गोंधळ राळेत नाही, मग काच तिथेच मिसळली तर? २०१६ मध्ये ओरेगनमध्ये जॅक फेराकेन यांच्या गटाने १५ टक्के बायोॲक्टिव्ह काच असलेले कॉम्पोझिट दातात भरले, दात आणि भरणीच्या मध्ये मुद्दाम बारीक फट ठेवली, वरून चावल्यासारखा दाब देत जंतू सोडले. साध्या कॉम्पोझिटच्या फटीत जंतू तळापर्यंत पोचले. काचेच्या कॉम्पोझिटमध्ये ते सरासरी सुमारे ६१ टक्के खोलीपर्यंतच गेले. भरणीच्या कडेची कीड हे आमचे रोजचे दुखणे आहे, त्यामुळे मला हा प्रयोग फार बोलका वाटतो.

प्रतिसाद : दंतद्रव्य

बोलका आहेच, आणि मी तो वर्गात नेहमी सांगतो. त्या फटीत नेमके काय घडते ते पाहण्यासारखे आहे. फटीतले पाणी थोडे आणि कोंडलेले असते, त्यामुळे थोडीशी काच विरघळली तरी तिथला सामू लगेच वाढतो आणि आम्ल आवडणाऱ्या जंतूंना ती जागा सोसत नाही. उघड्या पृष्ठभागावर हाच परिणाम लाळेत वाहून गेला असता.

कॉम्पोझिटमध्ये पेच वेगळा आहे. तिथे काचेच्या कणांवर सिलेन या जोडणाऱ्या रसायनाचा लेप देतात म्हणून कण राळेला धरतात. बायोॲक्टिव्ह कणांना लेप दिला तर आयन कोंडतात. न दिला तर कण राळेत सुटे राहतात, पाणी शोषले जाते आणि भरणी कालांतराने दुबळी होते. म्हणून प्रमाण थोडे ठेवावे आणि बाकीचे कण नेहमीचे, लेप दिलेले असावेत, हाच मार्ग मला योग्य वाटतो. आपल्याकडे २०१६ पासून मिळणाऱ्या सेन्शन एन या भरणीच्या द्रव्यातही अल्कधर्मी काच इतर भरकांच्या (भर घालणाऱ्या कणांच्या) सोबतीने घातलेली आहे आणि ती राळेच्या आधारावर घट्ट होते. त्यामुळे त्याची तुलना जीआयसीशी सरळसरळ करू नये.

प्रतिसाद : आईची_डायरी

मी दंतवैद्य नाही, आठ वर्षांच्या मुलाची आई आहे. सगळा धागा दोनदा वाचला आणि बरेचसे समजले. मुलाच्या कायमच्या पहिल्या दाढेत कीड आहे आणि डॉक्टरांनी बायोॲक्टिव्ह सिमेंट भरू असे सांगितले आहे. मी त्यांना नेमके काय विचारू, म्हणजे त्यांना अविश्वास वाटणार नाही? आणि दात सणसणतात म्हणून मी स्वतः नोवामिनची टूथपेस्ट वापरते, ती हीच काच का?

प्रतिसाद : बालदंत_सुमेधा

ताई, टूथपेस्टचे आधी सांगते. हो, नोवामिन म्हणजे बारीक दळलेली ४५एस५ काचच. ती दंतिनाच्या उघड्या सूक्ष्म नळ्यांच्या तोंडाशी साठते, तिथे खनिज धरते आणि थंड-आंबट लागणे कमी होते. टूथपेस्टमध्ये तिने झटकन विरघळणे हाच गुण आहे, कारण तिच्यावर दाब पडत नाही आणि ती रोज नव्याने लावली जाते.

डॉक्टरांना दोन गोष्टी मोकळेपणाने विचारा. हे सिमेंट तळाला अस्तर म्हणून घालणार आहात की वरपर्यंत तेच भरणार? आणि वरपर्यंत भरणार असाल तर कंपनीने ते दाढेच्या चावण्याच्या भागासाठी दिले आहे का, डब्यासोबतच्या पत्रकात तसे लिहिले आहे का? चांगल्या दंतवैद्याला हे प्रश्न आवडतात. मला तरी आवडतात. सहा वर्षांच्या सुमारास येणारी ही दाढ आयुष्यभर चावण्याचा मुख्य भार उचलते. खड्डा खोल असेल तर तळाला हे सिमेंट आणि वर कॉम्पोझिट किंवा घट्ट जीआयसी असे सांगितले तर मी माझ्या मुलालाही तसेच भरले असते. जीआयसी भरले तर पहिला दिवसभर त्या बाजूने कडक काही चावू देऊ नका आणि त्यावर लावलेला वार्निशचा किंवा व्हॅसलिनचा थर जिभेने चाळवू नको असे त्याला सांगा. सिमेंट मुरायच्या आत त्याला जास्तीचे पाणी लागले तर ते पांढुरके पडते आणि फार लवकर सुकले तर त्याला तडे जातात.

प्रतिसाद : आईची_डायरी

आज जाऊन आले. डॉक्टरांनी पत्रक काढून स्वतः वाचून दाखवले. त्यात ते अस्तरासाठीच असल्याचे लिहिले होते. त्यांनी तळाला ते आणि वर कॉम्पोझिट भरले. सहा महिन्यांनी क्ष-किरण काढून तळाचा थर पाहू म्हणाले आहेत. तेव्हा इथेच येऊन लिहीन.